चुकलेल्या अंदाजांचा हिशेब

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानात एखाद्या ग्रंथावर किंवा चळवळीवर बोलावं, अशी आपल्याकडची रीत. मी मात्र आज कचेरीतल्या एका बैठकीवर बोलणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी उमेदीची वर्षं कारखान्यात घालवली आणि माणसं एकत्र काम कशी करतात याचा विचार शेवटपर्यंत केला. त्यामुळे हा विषय त्यांना परका वाटला नसता, अशी माझी समजूत आहे.

समोर बसलेल्यांपैकी काहींनी बँकेतला मार्च एंडिंग अनुभवलेला आहे. काहींची मुलं, सुना हिंजवडीत नोकरी करतात आणि ‘क्वार्टर संपतोय’ म्हणून रात्री उशिरा घरी येतात. काहीजण सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत. आढावा बैठकीला फाइल काखेत धरून जाताना पोटात कसा गोळा येतो, हे त्यांना वेगळं सांगायला नको. चक्र सगळीकडे एकच. सुरुवातीला उद्दिष्टं ठरतात, मधे धावपळ होते, शेवटी आकडे लागतात आणि मग सगळे एका खोलीत बसतात. सॉफ्टवेअरवाले त्या बसण्याला ‘रेट्रो’ म्हणतात.

ही बैठक दोन तऱ्हांनी वाया जाते. एकीत झडती होते. कोणाचा आकडा कमी, त्यानं उभं राहावं, कारण सांगावं, पुढच्या वेळी असं होणार नाही म्हणावं आणि बसावं. दुसरी तऱ्हा सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसारखी. अहवाल वाचला जातो, मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो आणि मंडळी चहाकडे वळतात. पहिलीत भीती असते, दुसरीत कंटाळा असतो, आणि शिकणं दोन्हींत नसतं. पुढची तिमाही सुरू होते ती ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणत.

असं का होतं? मला वाटतं, उद्दिष्ट म्हणजे काय, याबद्दलच आपली गफलत आहे. उद्दिष्टाला आपण वचन समजतो. वचन पुरं झालं नाही की कोणीतरी दोषी ठरतो. माझं म्हणणं असं, की उद्दिष्ट हा लिहून ठेवलेला अंदाज असतो. ‘आम्ही अमुक केलं तर तमुक घडेल, आणि तमुक घडलं तर आपलं भलं होईल’, इतकं सगळं त्या एका ओळीत दडलेलं असतं. या अंदाजाला तीन सांधे आहेत. ठरलेलं अमुक आपण केलंच नाही, हा पहिला सांधा निखळला. केलं, पण तमुक घडलं नाही, हा दुसरा. आणि तमुक घडलंही, पण भलं झालं नाही, हा तिसरा. तिमाही संपल्यावरच्या बैठकीचं काम कोणता सांधा निखळला ते शोधायचं. आपल्या बहुतेक बैठका पहिल्याच सांध्यापाशी थबकतात, कारण तिथे माणूस सापडतो.

ज्यांनी उद्दिष्टं ठरवून काम करण्याची पद्धत घडवली, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांचं ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ हे पुस्तक १९५४ साली आलं. त्यात त्यांनी उद्दिष्टांच्या आधारे व्यवस्थापन ही कल्पना मांडली, पण तिला एक जोड दिली होती, स्वनियंत्रणाची. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं उदाहरण त्यांनी दिलं आहे. कंपनीचे फिरते तपासनीस एकेका विभागाची कसून पाहणी करत, पण त्यांचा अहवाल जायचा तो त्याच विभागाच्या प्रमुखाकडे, त्याच्या वरिष्ठाकडे नाही. मोजमाप ज्याचं त्याच्या हाती असावं, म्हणजे तो स्वतःला सावरू शकेल, हा त्यामागचा विचार. पुढे जगभरच्या कंपन्यांनी उद्दिष्टं तेवढी उचलली आणि स्वनियंत्रण वाटेत सांडलं.

चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या अँडी ग्रोव्ह यांनी ही पद्धत धारदार केली. उद्दिष्ट एक, आणि तिथवर पोचतो आहोत हे दाखवणारे मोजके, मोजता येणारे परिणाम, अशी त्यांची मांडणी. इंटेलमध्ये ती शिकलेले जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलला नेली आणि आज ती ‘ओकेआर’ या नावानं पुण्या-मुंबईच्या असंख्य टीमना पाठ आहे. ग्रोव्ह यांच्या १९८३ सालच्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या पुस्तकात कोलंबसचा दाखला येतो. पूर्वेकडचा सागरी मार्ग शोधणं हे त्याचं उद्दिष्ट. ते त्याला साधलं नाही. उद्दिष्टाच्या तक्त्यावर त्याला नापास करावं लागेल, पण त्याच्या राणीला मोहिमेतून जे मिळालं ते तक्त्यात मावणारं नव्हतं. म्हणून ग्रोव्ह बजावतात, की हा तक्ता माणसाच्या मूल्यमापनाचा कायदेशीर दस्तऐवज समजू नका. ते त्याच्याच हातात दिलेलं घड्याळ आहे.

आता अंदाज तपासायला बसलो, तर आडवे येणारे तीन शत्रू आहेत.

पहिला शत्रू आपली स्मरणशक्ती. १९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, या दौऱ्यांत अमुक घडण्याची शक्यता किती? दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा किती शक्यता सांगितली होती, ते आठवून सांगा. जे घडलं होतं त्याची शक्यता आपण जास्त सांगितली होती, असं त्यांना प्रामाणिकपणे ‘आठवलं’. हा निबंध १९७५ चा. आपल्या बैठकांत ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणणारे सहकारी खोटं बोलत नसतात; त्यांना खरोखरच तसं आठवत असतं. यावर उपाय एकच. तिमाहीच्या सुरुवातीला उद्दिष्टाशेजारी ते का निवडलं, काय गृहीत धरलं आणि ते साधण्याची खात्री किती वाटते, हे तीन ओळींत लिहून ठेवायचं. या तीन ओळी नसतील तर शेवटी तपासायला काही उरतच नाही, उरतात त्या आठवणी.

दुसरा शत्रू योगायोग. एडवर्ड्स डेमिंग हे संख्याशास्त्रज्ञ आपल्या शिबिरांत एक खेळ करायचे. पेटीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल, बाकी पांढरे. श्रोत्यांतून कामगार निवडायचे, पन्नास खळग्यांची फळी त्यांच्या हाती द्यायची आणि सांगायचं, पांढरे मणी काढा, लाल म्हणजे खराब माल. कोणाच्या फळीत सात लाल यायचे, कोणाच्या तेरा. डेमिंग गंभीर चेहऱ्यानं एकाला शाबासकी देत, दुसऱ्याची कानउघाडणी करत. सभागृह हसायचं, आणि मग हळूहळू ओशाळायचं, कारण पेटीत पाचवा हिस्सा लाल असताना कामगाराच्या हाती काहीच नव्हतं. संख्यात्मक उद्दिष्टांवर माणसांना हाकणं बंद करा, असं डेमिंग यांनी व्यवस्थापकांना स्पष्ट बजावलं होतं. त्यांच्याइतकं टोक गाठायची मला गरज वाटत नाही. पण ‘हा आकडा कोणाचा?’ याआधी ‘पेटीत काय होतं?’ हा प्रश्न विचारायला त्यांनी आपल्याला शिकवलं. आणि तो उद्दिष्ट साधलं तेव्हाही विचारला पाहिजे. बाजार तेजीत असताना विक्रीचं टार्गेट पार करणाऱ्या टीमला हार घालण्याआधी, बाजारानं किती केलं आणि टीमनं किती, हे वेगळं काढलं नाही, तर पुढच्या मंदीत ती टीम चक्रावून जाते.

तिसरा शत्रू भीती, आणि तो सगळ्यांत चिवट. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. जे गट एकदिलानं काम करतात त्यांच्याकडून औषधं देण्यात चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या गटांच्या नावावर चुका जास्त! खोलात गेल्यावर खुलासा झाला. त्या गटांत चुका बोलून दाखवल्या जात होत्या, बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. आपल्याकडेही आढाव्याच्या तक्त्यातले सगळे रकाने हिरवे, म्हणजे उद्दिष्ट साधल्याचे, दिसले की साहेब खूश होतात. माझं मत विचाराल तर सलग चार तिमाह्या सगळं हिरवं असलेली टीम एकतर उद्दिष्टं सोपी ठरवते, नाहीतर खरं सांगत नाही. गूगलमध्ये महत्त्वाकांक्षी उद्दिष्टांना शून्य ते एक असे गुण देतात आणि ०.६ ते ०.७ मिळाले तर चांगलं समजतात, त्यामागचं कारण हेच.

‘आपल्याकडे साहेबांसमोर कोण बोलणार?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण साहेबी जिथे गणवेशावर शिवलेली असते, त्या संस्थेनं यातून वाट काढली आहे. व्हिएतनामनंतर अमेरिकी लष्करानं सरावानंतरच्या चर्चेची पद्धत बसवली. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विन इथे त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे लुटुपुटीची लढाई आटोपली की सैनिक आणि अधिकारी एकत्र बसतात. काय घडायचं ठरलं होतं, काय घडलं, असं का घडलं, आणि आता काय टिकवायचं, काय सुधारायचं? क्रम हाच. चर्चा चालवतो तो तुकडीबाहेरचा निरीक्षक आणि हुद्दा बाजूला ठेवायचा, हा नियम. तिथे धीट माणसं जन्माला येतात म्हणून हे चालत नाही. पद्धतच अशी बांधली आहे, की गप्प राहणं अवघड व्हावं. आपल्याला हेच करायचं आहे.

मग बैठक चालवायची कशी? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातली एक टीम दवाखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. उद्दिष्ट ठरलं, नव्या दवाखान्याला आमचं सॉफ्टवेअर लवकर वापरता यावं. मोजायचं काय? करार झाल्यापासून सॉफ्टवेअर सुरू होईपर्यंत दहा दिवस लागतात, ते चारवर आणायचे. तिमाहीअखेर चार दिवस झाले. टाळ्या! पण त्याच तिमाहीत तक्रारींचे फोन दुप्पट झाले.

बैठकीच्या आधी दोन दिवस सगळे आकडे आणि सुरुवातीला लिहिलेल्या त्या तीन ओळी प्रत्येकाच्या हाती पडल्या पाहिजेत. आकडे वाचून दाखवण्यात बैठकीचा वेळ घालवू नये. बैठक दीड तासाची पुरते, पण चालवणारा मॅनेजर नसावा. शेजारच्या टीममधला कोणी बोलवावा, त्याबदल्यात त्यांची बैठक आपण चालवावी. पैसाही लागत नाही.

सुरुवातीला पाच मिनिटं एक गोष्ट स्पष्ट करायची: आज अप्रेझल नाही. रेट्रोच्या विषयात ज्यांचा शब्द प्रमाण मानतात त्या नॉर्मन कर्थ यांनी २००१ साली एक भूमिका सुचवली. त्या वेळी जे ठाऊक होतं आणि हाताशी जे होतं, त्यात प्रत्येकानं जमेल तितकं चांगलं काम केलं, असं मानून चर्चेला बसायचं. हे भाबडेपण वाटेल. पण असं मानल्यावरच पुढचा प्रश्न उघडतो: मग तेव्हा आपल्याला काय ठाऊक नव्हतं?

त्यानंतर दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. हा भाग वगळला तर बैठक नेहमीच्या दोन बोलक्या माणसांची होते. मग आधी नवखे बोलतील, मॅनेजर सर्वांत शेवटी. एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनी रेट्रोवरच्या २००६ च्या पुस्तकात तिचे टप्पे सांगितले आहेत, त्यांत माहिती गोळा करणं आणि तिचा अर्थ लावणं हे दोन वेगळे टप्पे आहेत. हा भेद फार मोलाचा आहे. काय घडलं यावर सगळ्यांचं एकमत होण्याआधी का घडलं यावर बोलू लागलो, की वाद सुरू होतो आणि दोघंजण दोन वेगळ्या घटनांबद्दल भांडत बसतात.

आपल्या बिलिंगवाल्या टीममध्ये काय निघेल? सपोर्टवर बसणारी मुलगी म्हणेल, बहुतेक फोन जुन्या रुग्णांच्या नोंदी चुकीच्या दिसतात म्हणून येतात. तांत्रिक बाजू सांभाळणारा म्हणेल, चार दिवसांत बसवायचं म्हणून नोंदी तपासून घेण्याची पायरी आम्ही गाळली. आता सांधे तपासू. काम केलं? केलं. ठरलेला आकडा गाठला? गाठला. भलं झालं? नाही. तिसरा सांधा निखळला. सॉफ्टवेअर सुरू होणं म्हणजे वापरता येणं, हे टीमचं गृहीतक होतं, ते चुकलं. मोजायला हवं होतं ते पहिलं बिनचूक बिल निघेपर्यंतचा वेळ. झडतीच्या बैठकीत हे बाहेर आलं नसतं. तिथे सपोर्टला सांगितलं असतं, फोन लवकर उचला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

तिसऱ्या सांध्याकडे न पाहण्याची किंमत किती होऊ शकते, हे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं दाखवलं. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायची, असा तिथला धोशा. शाखांवर रोजच्या विक्रीचा दट्ट्या होता. कर्मचाऱ्यांनी आकडे गाठले, ग्राहकांच्या नकळत खाती उघडून. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. तोवर काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना तिनं काढून टाकलं होतं. इतकी माणसं एकाच गुन्ह्यासाठी काढावी लागतात, तेव्हा एखाद्या तरी आढाव्यात विचारायला हवं होतं, की दोष माणसांत आहे की आठ या आकड्यात?

परत आपल्या बैठकीकडे. शेवटचा अर्धा तास निर्णयांचा. पंधरा सुधारणांची यादी करणारी टीम एकही करत नाही, हे कोणत्याही अनुभवी माणसाला विचारा. एक किंवा दोन बदल निवडा. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख. ‘संवाद वाढवावा’ असले ठराव नकोत. ‘नवा दवाखाना जोडण्याआधी पन्नास जुन्या नोंदी ताडून पाहायच्या’ असं असावं. आणि पुढच्या रेट्रोची सुरुवात याच बदलांपासून करायची: केलं का, आणि उपयोग झाला का? हा प्रश्न विचारला जाणार नाही हे एकदा कळलं, की लोक बैठकीत मनापासून बोलणं सोडतात, आणि ते योग्यच करतात.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक युक्तीही तिमाहीच्या सुरुवातीच्या बैठकीत वापरून पाहावी. उद्दिष्टं ठरली की सगळ्यांनी कल्पना करायची, तिमाही संपली आहे आणि आपण सपशेल आपटलो आहोत. का आपटलो, ते लिहा. धोके दाखवणारा माणूस एरवी नाट लावणारा ठरतो. इथे तेच त्याचं काम असतं.

आता पगाराचा अवघड प्रश्न. उद्दिष्टांचे गुण थेट पगारवाढीला जोडले, तर वरच्या सगळ्या युक्त्या फोल ठरतात. ज्या कागदावर माझ्या मुलाची फी अवलंबून आहे, त्यावर मी अंदाज कशाला लिहीन? सुरक्षित आकडाच लिहीन. डोअर यांनीही मोबदला आणि ओकेआर यांची फारकत करा, असंच सांगितलं आहे. सगळ्या कंपन्या ते उद्या करतील, असं मी म्हणत नाही. पण मॅनेजरच्या हातात एवढं नक्की असतं: अप्रेझल आणि रेट्रो यांच्यात काही आठवड्यांचं अंतर ठेवणं आणि रेट्रोत निघालेलं कबुलीचं वाक्य अप्रेझलच्या कागदावर न उमटू देणं. हा विश्वास एकदा मोडला, तर त्या टीममध्ये कोणी पुन्हा तोंड उघडणार नाही.

हे सगळं परदेशातलं, असं कोणी म्हणू नये म्हणून घरचा दाखला. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चं ‘विक्रम’ हे अवतरणयान चंद्रावर आदळलं. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेल्या एस. सोमनाथ यांनी कारणं जाहीरपणे सांगितली. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, यानाला वेगानं वळायचं होतं तेव्हा संगणकप्रणालीनं त्याच्या वळण्याला मर्यादा घातलेली होती, आणि उतरायची जागा होती अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. या यादीत एकाही माणसाचं नाव नाही. त्यानंतर काय यशस्वी होईल याऐवजी काय काय बिघडू शकेल, हे धरून चांद्रयान-३ ची आखणी झाली. उतरण्याची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. २३ ऑगस्ट २०२३ ला ते चंद्रावर अलगद उतरलं, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. उद्दिष्ट तेच होतं. बदलली होती ती त्यामागची गृहीतकं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. तुम्ही कंपनीत असा, शाळेच्या समितीत असा किंवा गृहनिर्माण संस्थेत, पुढच्या आढाव्यानंतर नव्या उद्दिष्टांचा कागद जुन्याशेजारी ठेवून पाहा. आकडे तेवढे वाढले असतील आणि बाकी मजकूर जसाच्या तसा असेल, तर तुमची बैठक झालीच नाही असं समजा, मग तिचं इतिवृत्त कितीही पानांचं असो. एखादी ओळ खोडलेली असेल, एखादं गृहीतक बदललेलं असेल, एखादं मोजमाप ‘हे चुकीचं होतं’ म्हणून काढून टाकलेलं असेल, तर त्या तिमाहीत टार्गेट हुकलं तरी ती तिमाही वाया गेली नाही. आणि हे तपासायला वरिष्ठांची परवानगी लागत नाही, दोन कागद लागतात.